आखाड्यातली तयारी आणि रस्त्यावरचा प्रसंग

ब्राझीलमधल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. जानेवारी २०१९मध्ये रिओ दि जानेरोत पॉलियाना व्हियाना ही मिक्स्ड मार्शल आर्ट्सची व्यावसायिक खेळाडू रात्री आपल्या इमारतीसमोर टॅक्सीची वाट पाहत होती. ही ५२ किलोच्या वजनगटात लढणारी मुलगी. एक माणूस शेजारी येऊन बसला, त्याने वेळ विचारली, तिने सांगितली, तरी तो उठेना. मग त्याने मोबाइल मागितला आणि आपल्याकडे पिस्तूल असल्याचं सांगितलं. तो इतका जवळ होता की पिस्तूल खरं असलं तरी ते काढायला त्याला वेळ मिळणार नाही, असा अंदाज तिने बांधला. ती उठली, दोन ठोसे आणि एक लाथ मारली, तो पडताच मागून गळ्याला विळखा घातला आणि पोलीस येईपर्यंत त्याला तिथेच बसवून ठेवलं. पिस्तूल पुठ्ठ्याचं निघालं. दुसरी घटना ऑगस्ट २०२२ची, साओ पावलोतली. ब्राझिलियन जिउजित्सूत आठ वेळा विश्वविजेता झालेला ३३ वर्षांचा लिआंद्रो लो एका क्लबात गाण्याच्या कार्यक्रमाला गेला होता. तिथे एका माणसाशी त्याची बाचाबाची झाली. साक्षीदारांनी पोलिसांना सांगितलं त्यानुसार, त्या माणसाने टेबलावरची बाटली उचलली, लोने त्याला खाली पाडून दाबून धरलं आणि आजूबाजूच्यांनी दोघांना सोडवलं. सुटलेला माणूस चार पावलं दूर गेला, त्याने पिस्तूल काढलं आणि लोच्या डोक्यात गोळी झाडली. तो ड्युटीवर नसलेला पोलीस अधिकारी होता.

लढतीचे खेळ शिकवणारे पहिल्या घटनेचा दाखला देतात आणि या खेळांना नावं ठेवणारे दुसऱ्या घटनेचा. आपल्याकडे हा वाद ब्राझीलइतक्या टोकाच्या प्रसंगांवरून होत नाही, पण होतो. ‘मुलीला कराटेला घालू या’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बोललं जातं, आणि ते बोलताना आईवडिलांच्या मनात पदक नसतं, मुलीची सुरक्षितता असते. केंद्र सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतही सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने स्वसंरक्षण शिकवण्यासाठी शाळांना पैसे मिळतात. त्या प्रशिक्षणाला राणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलेलं आहे. म्हणजे कराटे, ज्युदो, बॉक्सिंग, कुस्ती शिकलेलं माणूस खऱ्या हल्ल्यातून वाचतं का, या प्रश्नावर आपण घरचे आणि सरकारी पैसे लावलेले आहेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलींचा विश्वास लावलेला आहे. माझं म्हणणं असं की लढतीचा खेळ माणसाला लढतीसाठी तयार करतो आणि ही तयारी दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही. पण खऱ्या हल्ल्यात लढत हा मधला आणि छोटा भाग असतो. तिच्या आधी आणि नंतर जे घडतं, त्यावरच बहुतेक वेळा सगळं ठरतं, आणि तो भाग आखाड्यात किंवा रिंगणात शिकवला जात नाही.

आधी या खेळांच्या बाजूने जे आहे ते नीट मांडायला हवं, कारण ते फार मोठं आहे. जिगोरो कानो यांनी १८८२मध्ये तोक्योतल्या एका बौद्ध मंदिराच्या जागेत आपली ज्युदोची शाळा, कोदोकान, सुरू केली. जुन्या जुजुत्सूत मर्मावरचे आघात होते, सांधे मोडणारे डाव होते. कानोंनी त्यातले धोकादायक डाव ठरावीक क्रमाने करायच्या सरावापुरते ठेवले आणि उरलेल्या डावांवर मोकळ्या लढतीचा रोजचा सराव उभा केला. वरवर पाहता त्यांनी विद्येतली धार काढून टाकली. प्रत्यक्षात झालं ते उलटंच. डोळ्यात बोट घालायचा सराव पूर्ण जोराने कुणीच करू शकत नाही, कारण रोज एक जोडीदार आंधळा होईल; पण आपल्याला पाडू न देण्याचा चंग बांधलेल्या माणसाला पाडण्याचा सराव रोज शेकडो वेळा करता येतो. ज्याने तो केला, त्याच्या अंगात पकड, तोल आणि वेळ साधण्याची जाण मुरते. आपल्या तालमींनी हे कधीच ओळखलं होतं. कोल्हापूरच्या लाल मातीत पहाटे चालणारा जोर म्हणजे हेच: वस्तादासमोर दोन पठ्ठे एकमेकांना खरोखर अडवत, दमवत, पुन्हा पुन्हा खडाखडी करत राहतात. एकेरी पट काढायला गेलं की समोरचा पाय मागे टाकतो, ढाक लावायला गेलं की तो बसतो. शिकवलेला डाव आणि जमणारा डाव यांतलं अंतर इथे पहिल्या आठवड्यातच कळतं.

हे अंतर ज्यांना कधी कळलंच नाही त्यांचं काय होतं, ते जगाने उघड्यावर पाहिलं आहे. १२ नोव्हेंबर १९९३ला अमेरिकेत डेन्व्हर इथे पहिली यूएफसी स्पर्धा झाली. वजनगट नव्हते, नियम जेमतेम होते, आणि कुठली युद्धकला खरी ते ठरवायचं असा एकंदर आविर्भाव होता. सुमारे ८० किलो वजनाचा रॉयस ग्रेसी त्या रात्री तिघांशी लढला आणि तिन्ही लढती मिळून पाच मिनिटांच्या आत आटोपल्या. त्याच्याकडे कुठलं गुपित नव्हतं. कानोंच्या शिष्यपरंपरेतून ब्राझीलला गेलेली जमिनीवरची कुस्ती त्याच्या घराण्याने दोन पिढ्या खऱ्या विरोधासमोर घासून घेतली होती. अंतिम लढतीत प्रतिस्पर्धी आपल्या कानाला चावला, असं ग्रेसीने नंतर सांगितलं. चावूनही त्या माणसाला गळ्याचा विळखा सोडवता आला नाही. एप्रिल २०१७मध्ये चीनमधल्या चेंगदू शहरात ताई ची शिकवणारे वेई लेई आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे प्रशिक्षक शू शियाओदोंग समोरासमोर आले, तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या आत गुरुजी जमिनीवर होते. ताई ची प्रकृतीसाठी उत्तम आहे याबद्दल वाद नाही. पण ज्या विद्येची परीक्षा कधी विरोध करणाऱ्या माणसासमोर झालेली नाही, तिच्यावर जीव सोपवू नये, इतकं या दोन प्रसंगांतून पुरेसं दिसतं.

म्हणून शाळेत तीन दिवसांचं शिबिर होतं आणि शेवटच्या दिवशी मुली मनगट सोडवून दाखवतात, तेव्हा त्या मनगटाकडे जवळून पाहायला हवं. डाव खरा आहे. पकडीत चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. जिथे अंगठा आणि बोटांची टोकं भेटतात ती पकडीची सगळ्यांत कमकुवत जागा, म्हणून मनगटाची पातळ कड त्या फटीकडे वळवून कोपर पुढे घेत झटका द्यायचा. शिबिरात मैत्रीण हात धरते, सरांचा इशारा होतो, झटका बसतो, मैत्रीण हात सोडते, टाळ्या पडतात. खरा धरणारा माणूस हात धरून स्वस्थ उभा राहत नाही. तो ओढतो, दुसऱ्या हाताने केस किंवा दंड पकडतो, पहिला झटका बसताच पकड बदलतो, आणि घाम आलेला असतो. ज्युदो खेळणारी मुलगी हे रोज अनुभवते, कारण तिथे निम्मी लढत पकडीचीच असते. आपली पकड बसवायची आणि समोरचीची तोडायची. तिला एक झटका फुकट जाणार हे माहीत असतं, म्हणून दुसरा तयार असतो. शिबिरातल्या मुलीचा पहिला झटका फुकट गेला की तिच्याकडचं सगळं संपतं, आणि त्या क्षणी वाटणारी असहायता शिबिराला न गेलेल्या मुलीपेक्षा जास्त असू शकते. शिबिर भरवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण खोटा भरवसा देणं हे निष्पाप काम नाही.

अंगाशी आलेल्या माणसाची सवय असण्याला आणखी एका कारणाने मोल आहे. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचं सांगितलं. हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. ‘मग तिने प्रतिकार का केला नाही’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा. गोठणं ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, संमती नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. कुस्ती किंवा ज्युदो शिकल्याने कुणी कधीच गोठणार नाही, असा दावा कुणी करू नये. पण आपल्यापेक्षा वीस किलोने जड माणूस छातीवर बसलाय, श्वास अर्धाच येतोय, नाकात दुसऱ्याच्या घामाचा वास जातोय आणि तरी डोकं चालू ठेवून कंबर फिरवायची आहे, हे ज्याने महिनोन्‌महिने केलं त्याला ती अवस्था अगदीच परकी राहत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा शहराच्या पोलिसांनी २०१९पासून नव्या शिपायांना जिउजित्सू सक्तीचं केलं आणि बळ वापरताना पोलिसांना होणाऱ्या दुखापती ४८ टक्क्यांनी घटल्याचं जाहीर केलं. ही त्यांची स्वतःची आकडेवारी आहे, स्वतंत्र चाचणी नव्हे, हे धरूनही तिचा रोख पटण्यासारखा आहे: ज्याला धरता येतं तो घाबरून मारत सुटत नाही.

इथे एक गोष्ट वाटेतच सांगून टाकतो, कारण ती कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्युदोत पहिले काही आठवडे फक्त पडायला शिकवतात: हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताने जमिनीवर आपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२१मध्ये खून झालेल्यांची संख्या सुमारे ४ लाख ५८ हजार होती. ज्युदोच्या गादीवर शिकलेली बाकीची विद्या आयुष्यात वापरायची वेळ न येवो, पण पडण्याची येणार आहे.

आता दुसरी बाजू. खेळ अंगात जे मुरवतो त्यात खेळाचे नियमही असतात, आणि ते नियम संकटात आपोआप पाळले जातात. तोक्यो ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२१मध्ये पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटाचा कराटेचा अंतिम सामना झाला. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेवर अशी बसली की तो बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. प्रमाणाबाहेर जोर वापरला म्हणून हमेदी बाद झाला आणि सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्याला मिळालं. खेळ म्हणून हा निकाल योग्यच होता. त्या प्रकारात आघात आवरता येणं हेच कौशल्य मानलं जातं. पण आपल्या गावातल्या क्लासात दहा वर्षं आवरून मारायचाच सराव केलेल्या मुलाचा हात रस्त्यावर आवरला जाणार नाही, हे कशावरून? तायक्वांदोच्या स्पर्धेत तोंडावर ठोसा मारता येत नाही, म्हणून खेळाडूंचे हात खाली राहतात; रस्त्यावर पहिला फटका तोंडावरच येतो. जिउजित्सूवाला पाठीवर लोळून लढायला कचरत नाही, पण डांबरावर, समोरच्याचे दोन मित्र उभे असताना, पाठीवर लोळणं म्हणजे डोकं त्यांच्या बुटांपाशी नेणं. बॉक्सरचे ठोसे पट्ट्या बांधलेल्या, हातमोज्यात घट्ट बसवलेल्या मुठीचे असतात. ऑगस्ट १९८८मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात माइक टायसनची एका जुन्या प्रतिस्पर्ध्याशी पहाटे रस्त्यावर मारामारी झाली आणि जगज्जेत्या टायसनच्या उजव्या हाताचं हाड तडकलं. उघड्या मुठीने कवटीवर मारणं त्यालाही सोसलं नाही. आपल्या कुस्तीतही चितपट झालं की लढत संपते. रस्त्यावर पाठ लागलेला माणूस उठतो.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो: मग खेळ नकोच, नियम नसलेली स्वसंरक्षणाची विद्या शिकवा, डोळे, गळा, जांघ. हा आक्षेप ऐकायला खणखणीत आहे आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक भरपूर आहे. त्याचं उत्तर कानोंनीच देऊन ठेवलंय. डोळ्यावर बोट न्यायला आधी हात मोकळा लागतो, तोल लागतो, अंतर कळावं लागतं, आणि हे सगळं विरोध करणाऱ्या माणसासमोरच शिकता येतं. ज्याला पकड तोडता येते त्याला जांघेत गुडघा मारायचा, हे पाच मिनिटांत शिकवता येतं. ज्याला पकडच तोडता येत नाही, त्याला जांघेची माहिती असून ती कुठल्या कामाची? शिवाय डोळ्यांची आणि गळ्याची वाट हल्लेखोरालाही मोकळी असते. नियम नसणं दोघांच्या बाजूने असतं.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. खेळात वजनगट असतात, रस्त्यावर नसतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ठोसा मारण्यासारख्या हालचालीत सरासरी पुरुषाची शक्ती सरासरी स्त्रीपेक्षा १६२ टक्क्यांनी जास्त, म्हणजे अडीचपटीहून अधिक भरली. हे मुलींपासून लपवण्यात त्यांचं हित नाही. हत्याराचंही तसंच. १९८३मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्युलर या प्रशिक्षकाने दाखवून दिलं की चाकू घेतलेला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला शिकलेल्या पोलिसालाही तितकाच वेळ लागतो. मग रिकाम्या हाताने चाकू हिसकावून दाखवण्याचे जे कार्यक्रम होतात, ते पाहणाऱ्याला काय शिकवतात? चाकू दिसला तर पाकीट द्यावं, मोबाइल द्यावा, आणि जीवावरच उठला असेल तर मध्ये टेबल, दार, गाडी काहीतरी आणून पळावं. चांगला प्रशिक्षक हे पहिल्याच दिवशी सांगतो. पळण्याचा सराव मात्र फारच थोड्या क्लासांत घेतात.

आणि इथून आपण त्या भागाकडे येतो, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अंधारी गल्ली, अनोळखी गुंड, मागून आवळलेला गळा, या चित्रावर बहुतेक स्वसंरक्षण-वर्ग उभे आहेत. आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की नोंदवलेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. २०२२मध्ये देशात स्त्रियांवरच्या गुन्ह्यांच्या ४ लाख ४५ हजारांवर नोंदी झाल्या आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३१ टक्के, पती आणि सासरच्यांच्या क्रौर्याचा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित किंवा विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितला. काकाचा हात नको तिथे लागतो तेव्हा भाचीला कुठला डाव टाकायचा हा प्रश्न पडत नाही. तिला प्रश्न पडतो तो असा, की हे खरंच घडतंय का, आपला गैरसमज तर नाही ना, ओरडलो तर आई काय म्हणेल. आखाड्यात समोरचा प्रतिस्पर्धी आहे हे पंचाने शिट्टी मारून सांगितलेलं असतं. घरात ते कुणी सांगत नाही. ते आपलं आपल्याला मान्य करावं लागतं, आणि त्यात जाणारा वेळ हल्लेखोराच्या पथ्यावर पडतो.

हा भाग शिकवता येतो, याचा चांगला पुरावा कॅनडातून आला आहे. शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेली चाचणी २०१५मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने विभागणी करून अर्ध्या मुलींना तीन-तीन तासांची चार सत्रं दिली आणि उरलेल्यांना माहितीपत्रकं दिली. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. बलात्काराचा प्रयत्न झाल्याचं प्रमाण ९.३वरून ३.४ टक्क्यांवर आलं. बारा तासांत कुणी कुस्तीपटू झालं नाही. शारीरिक प्रतिकार हा त्या बारा तासांतला एक भाग होता. बाकीचा वेळ ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातला धोका कसा ओळखायचा, ‘आपला तर आहे’ या संकोचातून बाहेर कसं पडायचं, मोठ्याने आणि लवकर नाही कसं म्हणायचं आणि स्वतःला काय हवं, काय नको हे कसं ठरवायचं, यावर गेला. ही चाचणी बॉक्सिंग शिकलेल्या मुलींशी तुलना करून झालेली नाही, तेव्हा खेळ निरुपयोगी ठरला असं तिच्यावरून म्हणता येत नाही. पण धडपडीच्या आधीचे क्षण किती मोलाचे आहेत ते तिच्यावरून स्पष्ट होतं.

स्त्रीला स्वसंरक्षण शिकवणं म्हणजे गुन्ह्याचा भार तिच्याच डोक्यावर टाकणं, असं अनेक कार्यकर्त्या म्हणतात. त्यांच्या रागामागे अनुभव आहे. ज्या गावात रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत, पोलीस तक्रार घेत नाहीत, तिथे मुलींना कराटे शिकवून पुढारी फोटो काढून घेतात, तेव्हा तो राग योग्यच ठरतो. पण दिवे लागेपर्यंत आणि पोलीस सुधारेपर्यंत मुलीने काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर त्या आक्षेपात नाही. प्रतिकार केला तर जास्त मार बसतो ही समजूतही टिकत नाही. अमेरिकेतल्या गुन्हेपीडितांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या विश्लेषणात असं दिसलं की प्रतिकाराने बलात्कार पूर्ण होण्याची शक्यता कमी होते आणि त्यामुळे जादा गंभीर इजा वाढत नाही. प्रतिकार करता आला नाही म्हणून कुणी दोषी ठरत नाही, हे वर्गात स्पष्ट शब्दांत शिकवलं पाहिजे. ते शिकवलं नाही तर मात्र कार्यकर्त्यांचा आक्षेप त्या वर्गाला तंतोतंत लागू पडतो.

लढतीनंतरच्या भागाबद्दल आपण जवळजवळ काहीच बोलत नाही, आणि तिथे खेळाची शिकवण थेट कायद्याच्या आड येऊ शकते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काबद्दल आहेत. हा हक्क मोठा आहे. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला यांची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत तो पोहोचतो. हल्ला होत असताना माणसाने सोन्याच्या तराजूत तोलून प्रतिकार करावा अशी अपेक्षा न्यायालयंही ठेवत नाहीत. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तपशिलाने मांडलं आहे. पण बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि धोका संपला की हक्कही संपतो. रिंगणात मात्र शिकवलं जातं ते नेमकं उलट: समोरचा डगमगला की सुटू देऊ नकोस, तिथेच संपव. हीच सवय रस्त्यावर एक ठोसा जास्त मारायला लावते आणि फिर्यादी आरोपी होतो. १९८८मध्ये पतियाळात वाहनावरून झालेल्या भांडणात नवज्योतसिंग सिद्धू यांच्या मारानंतर ६५ वर्षांच्या गृहस्थाचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हजार रुपये दंड ठोठावला होता, तो मे २०२२मध्ये वाढवून एक वर्षाची कैद दिली. तो बचावाचा खटला नव्हता, पण निकालातलं एक निरीक्षण प्रत्येक तालमीत आणि जिममध्ये वाचून दाखवावं असं आहे: बॉक्सर, कुस्तीगीर, क्रिकेटपटू किंवा अत्यंत तंदुरुस्त माणूस मारतो तेव्हा त्याचा हात हेही हत्यार असू शकतं. म्हणजे खेळाने ताकद दिली की संयमाची जबाबदारी कायद्याच्या नजरेतही वाढते.

हे सगळं ध्यानात घेऊन मुलामुलींना कुठे घालायचं? माझा कौल स्पष्ट आहे. जिथे विरोध करणाऱ्या जोडीदाराशी रोज सराव होतो तिथे घालावं. मग ती गावची तालीम असो, जिल्हा क्रीडा संकुलातला ज्युदोचा हॉल असो की बॉक्सिंगचं रिंगण. पट्ट्याचा रंग किती महिन्यांत बदलतो हे विचारू नये. क्लास पाहायला जावं आणि शेवटचा अर्धा तास बसून बघावं. मुलं हवेत हात मारतायत, की एकमेकांना खरोखर अडवतायत? जड मुलासमोर हलकी मुलगी कधी उभी केली जाते का, आणि ती हरल्यावर सर काय सांगतात? चाकूचा प्रसंग शिकवताना ते पळायला सांगतात की हिसकावायला? दुखापत झाली, कुणी ‘बास’ म्हणून थाप मारली, तर समोरचा त्याच क्षणी थांबतो का? थापेवर थांबण्याची शिस्त असलेल्या ठिकाणी मुलं दुसऱ्याच्या शरीराचा ‘नाही’ ऐकायला शिकतात, आणि मुलग्यांसाठी तर ते शिक्षण प्रतिकाराहून कमी मोलाचं नाही.

शाळांतल्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणातही हे बसवता येईल. शंभर मुलींच्या रांगा उभ्या करून मैदानावर मोजून ठोसे मारायला लावण्याऐवजी वीस-वीसच्या तुकड्या, खाली गाद्या, आणि पकड सोडवणं, पडणं, उठणं, पळणं इतकंच, पण खऱ्या विरोधासमोर. आठवड्यातला एक तास वर्गात बसून: ओळखीच्या माणसाचं वागणं, नाही म्हणण्याचा सराव, ११२ आणि १०९८ या क्रमांकांवर फोन केल्यावर काय होतं, बचावाचा हक्क कुठे संपतो. त्या तासाला एखादी मुलगी मागे थांबेल आणि घरातल्या कुणाबद्दल काही सांगेल, हे गृहीत धरूनच प्रशिक्षक नेमले पाहिजेत. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ठोसे शिकवायला आलेला प्रशिक्षकही त्यातून सुटत नाही. त्याला हे नेमणुकीच्या दिवशीच सांगितलं जावं आणि मुलगी बोलू लागली की पहिल्या पाच मिनिटांत तिच्याशी कसं बोलायचं, याचं प्रशिक्षण आधी त्याला मिळावं.